रुळांची रुंदी आणि पदवीचे माप

टांझानियातील दार-एस-सलाम ही नगरी हिंदी महासागराच्या काठी वसलेली आहे. तेथून झांबियातील कपिरी म्पोशी ह्या गावापर्यंत सुमारे १,८६० किलोमीटर लांबीचा एक लोहमार्ग जातो. 'ताझारा' ह्या संक्षिप्त नावाने तो जगात ओळखला जातो. ह्याच दार-एस-सलामहून आणखी एक लोहमार्ग पश्चिमेकडे टांगानिका सरोवरापर्यंत गेलेला आहे. तो जर्मन राजवटीच्या काळात बांधला गेला. जुन्या मार्गाच्या रुळांमधील अंतर १,००० मिलिमीटर, तर ताझाराचे १,०६७ मिलिमीटर. फरक केवळ ६७ मिलिमीटरांचा, म्हणजे चार बोटांचाही नव्हे. परंतु त्या चार बोटांपायी एका मार्गावरील डबा दुसऱ्या मार्गावर जाऊ शकत नाही. माल उतरवावा लागतो, पुन्हा चढवावा लागतो. त्यात वेळ जातो, हमाली जाते आणि पोती फाटतात ती वेगळीच.

भारतातील वाचकाला ह्यात नवल वाटावयाचे कारण नाही. मिरजेच्या स्थानकात एके काळी मोठ्या, मध्यम आणि लहान अशा तिन्ही रुंदींचे रूळ नांदत होते आणि पुण्याहून बेळगावकडे किंवा कुर्डुवाडीकडे निघालेल्या प्रवाशाला आपली वळकटी काखोटीस मारून फलाट बदलावा लागे. देशभरातील हे त्रांगडे सोडविण्यासाठी भारतीय रेल्वेने १९९२ मध्ये सर्व मार्ग एकाच रुंदीचे करण्याचे धोरण हाती घेतले आणि ते पार पाडण्यास काही दशके लागली.

आजच्या व्याख्यानाचा विषय लोहमार्ग हा नसून, वाहतूक आणि लॉजिस्टिक्स अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची देशोदेशींच्या विद्यापीठांमध्ये होणारी देवघेव हा आहे. लॉजिस्टिक्स ह्या शब्दाला आपल्याकडे 'रसद' हा जुना, लष्करी बाण्याचा शब्द आहे. पण आज त्यात साठवण, बांधणी, ने-आण, वेळापत्रक आणि हिशेब ह्या सर्वांचे एकत्रित नियोजन येते. ज्यांनी उद्या माल आणि माणसे विनाअडथळा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचवावयाची, त्या विद्यार्थ्यांचा स्वतःचा प्रवास मात्र जागोजागी अडतो. विद्यापीठांच्या पदव्यांनाही रुळांसारखी रुंदी असते आणि ती देशागणिक निराळी असते.

ह्या अडचणीचे एक उदाहरण यंत्रशाळेतले नसून कायद्याच्या वर्गातले आहे. सोफिया कोर्राडी नावाची इटालियन विद्यार्थिनी अमेरिकेत न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात शिकून १९५८ मध्ये रोमला परतली. तिकडे केलेला अभ्यास आपल्या पदवीसाठी धरला जावा अशी तिची साधी मागणी होती. रोमच्या विद्यापीठाने ती फेटाळली. परदेशात शिकलेले सारे त्या कचेरीच्या लेखी शून्य होते. पुढे कोर्राडीबाई स्वतः शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि ह्या एका प्रश्नाचा त्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. युरोपीय समुदायाने १९८७ मध्ये विद्यार्थी-विनिमयाची 'इरॅस्मस' योजना सुरू केली, तेव्हा तिच्यामागे त्यांच्या चिकाटीचा मोठा वाटा होता. पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी ह्या योजनेखाली परदेशी गेले. योजनेला ज्या विद्वानाचे नाव आहे तो इरॅस्मस रॉटरडॅमचा, आणि रॉटरडॅम हे तर युरोपातील सर्वांत मोठे बंदर. वाहतुकीच्या विद्यार्थ्यांनी हा योगायोग शुभशकुन मानावयास हरकत नाही.

परंतु युरोपकडे वळण्यापूर्वी पुन्हा एकदा आफ्रिकेकडे जावयास हवे. कारण विनिमयाने काय साधते आणि काय साधत नाही, हे ताझाराच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

झांबिया १९६४ मध्ये स्वतंत्र झाला. त्या देशाला समुद्रकिनारा नाही. त्याचे तांबे दक्षिणेकडील ऱ्होडेशियातून जाणाऱ्या मार्गाने बंदरापर्यंत पोहोचत असे. नोव्हेंबर १९६५ मध्ये ऱ्होडेशियातील गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारने एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले आणि झांबियाचा गळा शेजाऱ्याच्या मुठीत सापडला. टांझानियातून समुद्राकडे नवी वाट काढणे हा त्यावरचा उपाय होता. पण पाश्चात्त्य देशांना आणि जागतिक बँकेला हा प्रकल्प किफायतशीर वाटेना. अखेर सप्टेंबर १९६७ मध्ये पेकिंग येथे करार झाला. चीनने बिनव्याजी कर्ज दिले, १९७० मध्ये प्रत्यक्ष बांधकामास आरंभ झाला आणि जुलै १९७६ मध्ये पूर्ण झालेला मार्ग दोन्ही देशांच्या हवाली करण्यात आला. त्यावर शेकडो पूल आहेत, बोगदे आहेत, आणि म्लिम्बा ते माकांबाको ह्या टप्प्यात तर डोंगर चिरून आणि दलदल तुडवून रूळ टाकावे लागले.

रूळ टाकणारे आज ना उद्या परत जाणार होते. मग तो मार्ग चालवावयाचा कोणी? ह्यासाठी १९७२ मध्ये टांझानिया व झांबियाचे सुमारे २०० तरुण पेकिंगच्या नॉर्दर्न च्याओथोंग विद्यापीठात पाठविण्यात आले. 'च्याओथोंग' ह्या चिनी शब्दाचा अर्थच दळणवळण. १९०९ मध्ये रेल्वे व्यवस्थापनाची शाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था आज बेजिंग च्याओथोंग विद्यापीठ ह्या नावाने ओळखली जाते. पाहुण्या विद्यार्थ्यांना वाहतूक संचालन, इंजिने, डबे, सिग्नल, दूरसंचार, मार्गबांधणी अशा शाखा वाटून देण्यात आल्या. त्यांपैकी बहुतेक जण १९७५ मध्ये शिक्षण पुरे करून परतले. गाडी येण्याच्या आधी गाडी चालविणारा तयार हवा, हे ज्याने ठरविले त्याच्या दूरदृष्टीला दाद द्यावीच लागेल. त्या काळी चीनमधील विद्यापीठे सांस्कृतिक क्रांतीच्या झंझावातातून नुकतीच पुन्हा उघडत होती; त्यांचे स्वतःचे वर्ग धडपणे भरत नव्हते. अशा वेळी परक्या खंडातून आलेल्या, चिनी भाषेचे अक्षरही ठाऊक नसलेल्या दोनशे मुलांना रेल्वेचे शास्त्र शिकविणे हे काम सोपे नव्हते.

तरीही ह्या व्यवस्थेतील एक उणीव लवकरच उघडी पडली. ताझाराला पहिली इंजिने चीनकडून मिळाली. ती डिझेलवर चालणारी असून त्यांतील शक्ती चाकांपर्यंत पोहोचविण्याची रचना द्रवचलित, म्हणजे हायड्रॉलिक पद्धतीची होती. डोंगरी चढणीवर ती इंजिने अपुरी पडू लागली. म्हणून १९८० नंतरच्या दशकात पश्चिम जर्मनीहून डिझेल-विद्युत पद्धतीची इंजिने आणावी लागली. ज्यांचे सारे शिक्षण पहिल्या पद्धतीच्या यंत्रांवर झाले होते, त्यांना दुसरी पद्धत नव्याने आत्मसात करणे भाग पडले. ज्यांना यंत्राची केवळ माहिती नव्हे तर त्यामागची तत्त्वे शिकविली गेली असतील, त्यांना हा बदल जड गेला नसणार. इतरांना तो जड गेल्यावाचून राहिला नसेल. मदत करणारा देश विद्यार्थ्यांना बोलावतो तेव्हा तो त्यांना एक शास्त्र शिकवितो की आपल्या कारखान्यातील माल वापरावयास शिकवितो, हा प्रश्न करारावर सही करण्यापूर्वीच विचारावयास हवा. तो विचारणे अवघड असते, कारण शिष्यवृत्ती देणाऱ्याच्या घरी बसून त्याच्या यंत्राचे दोष काढावयाचे असतात.

दुसरी उणीव अधिक खोल होती. हा प्रवास एकाच दिशेचा होता. आफ्रिकी विद्यार्थी चीनला गेले. दार-एस-सलामच्या विद्यापीठात शिकावयास चिनी विद्यार्थी आले नाहीत. चिनी आले ते तंत्रज्ञ आणि मजूर म्हणून. वास्तविक ह्या मार्गावर शिकण्यासारखे पुष्कळ होते. उष्ण कटिबंधातील पावसात भराव कसे खचतात, एकपदरी मार्गावर तुरळक स्थानके असताना गाड्यांचा मेळ कसा घालावा, दोन सार्वभौम देशांनी एकच रेल्वे कशी चालवावी, हे विषय कोणत्याही वाहतूक अभियंत्याच्या अभ्यासक्रमात शोभून दिसले असते. झांबियातील म्पिका येथे पुढे ताझाराचे स्वतःचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

देवघेव म्हणावयाची तर दोन्ही बाजूंनी काही यावयास हवे, आणि भारताजवळ देण्यासारखे काय आहे हे सांगताना आपण उगाच संकोच करतो. रस्त्यावरील वाहतुकीचे शास्त्र प्रामुख्याने अमेरिकेत वाढले; तेथील रस्त्यांची क्षमता मोजण्याची संहिता १९५० मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. ह्या शास्त्राचे गृहीतक असे की, वाहने आखलेल्या पट्ट्यांतून एकामागून एक चालतात आणि बहुतेक वाहने मोटारीच असतात. आपल्या कोणत्याही शहरातील चौकात उभे राहून पाहावे. बस, रिक्षा, स्कूटर, सायकल, हातगाडी आणि पादचारी एकाच रस्त्यावर, जागा मिळेल तसे पुढे सरकत असतात. पट्टा हा रंगाऱ्याने ओढलेला असतो. तो पाळलाच पाहिजे असे कोणास वाटत नाही. ह्या सर्वांना एका मोटारीच्या मापात मोजावयाचे म्हणजे 'प्रवासी मोटार एकक' वापरावे लागते, आणि सायकल किती मोटारींबरोबर, बस किती मोटारींबरोबर, हे प्रमाण रस्त्याच्या रुंदीनुसार व गर्दीनुसार बदलत राहते. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने पुष्कळ विद्यापीठांच्या साहाय्याने भारतीय रस्त्यांसाठी क्षमतेची स्वतंत्र संहिता तयार केली; ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. दिल्लीच्याच भारतीय तंत्रज्ञान संस्थेत दिनेश मोहन आणि गीतम तिवारी ह्यांनी पादचारी व सायकलस्वार ह्यांच्या सुरक्षिततेचा जो अभ्यास उभा केला, तो शिकावयास परदेशांतून लोक येत आले आहेत. हॉलंडमधील किंवा जर्मनीतील विद्यार्थ्याने एक सत्र येथे काढले तर त्याला आपल्या पाठ्यपुस्तकातील कोणती सूत्रे जगाच्या मोठ्या भागात लागू पडत नाहीत ते कळेल. ह्यात भारताने कोणावर उपकार करण्याचा किंवा कोणाचे घेण्याचा प्रश्नच येत नाही.

मग हे विद्यार्थी मोठ्या संख्येने येत का नाहीत? हवा, अन्न, वसतिगृहे इत्यादी कारणे नेहमी पुढे केली जातात. ती खोटी नाहीत; पण खरे दुखणे मापाचे आहे, आणि ते थोडे आकडे मांडून समजून घेतले पाहिजे.

युरोपात १९८९ मध्ये अभ्यासाचे श्रेयांक एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात नेण्याची पद्धत प्रयोगादाखल सुरू झाली आणि १९९९ च्या बोलोन्या घोषणेनंतर ती सर्वत्र रुजली. तिच्यानुसार पूर्ण वर्षाचा अभ्यास ६० श्रेयांकांचा असतो व एका श्रेयांकामागे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे श्रम धरलेले असतात. भारतात २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्षाला १,२०० तास आणि ४० श्रेयांक, म्हणजे श्रेयांकामागे ३० तास. आता एखादा जर्मन विद्यार्थी भारतात सहा महिने शिकून २० श्रेयांक मिळवितो असे समजा. वर्षाशी वर्ष जुळविले तर त्याला मायदेशी ३० श्रेयांक मिळावयास हवेत. परंतु तासांशी तास जुळविले तर ६०० तासांचे २० ते २४ श्रेयांकच होतात. सहा ते दहा श्रेयांकांची तूट पडते आणि परतल्यावर ती भरून काढण्यात त्याचे पुढचे सत्र खर्ची पडते. दोन्ही हिशेब आपापल्या परीने बरोबर आहेत. कोणता धरावयाचा हे करारात आधीच लिहिलेले नसेल, तर निर्णय एखाद्या कारकुनाच्या मर्जीवर जातो. कोर्राडीबाईंचा अनुभव हा असा साठ वर्षांनंतरही उगवू शकतो.

वेळापत्रकाचा मेळ हा दुसरा प्रश्न. जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरपासून मार्चअखेरपर्यंत आणि उन्हाळी सत्र एप्रिलपासून चालते. आपले पहिले सत्र जुलै-ऑगस्टमध्ये उघडून नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संपते व दुसरे जानेवारीत सुरू होते. भारतीय विद्यार्थी आपली परीक्षा उरकून निघाला तर तेथील हिवाळी सत्र अर्धे सरलेले असते. ऑक्टोबरात निघावे तर इकडची परीक्षा बुडते. लोहमार्गावर असा प्रसंग आला असता तर जोडगाडी अर्धा तास थांबवून ठेवता आली असती. विद्यापीठांना आपले सत्र थांबविता येत नाही. परंतु सत्राऐवजी प्रबंध, प्रकल्प किंवा बंदरातील व रेल्वेच्या कार्यशाळेतील प्रत्यक्ष काम ह्यांसाठी विद्यार्थी पाठविला तर ही अडचण बरीच सैल होते. वाहतूक अभियांत्रिकीत तर असे काम वर्गातील तासांहून अधिक मोलाचे ठरते.

मापातील फरकावर दोन उपाय संभवतात. एक, सर्व रूळ उखडून एका रुंदीचे करणे. दुसरा उपाय मालवाहतुकीच्या धंद्याने शोधून काढला. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन ह्या अमेरिकन वाहतूकदाराने न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालेल्या 'आयडियल एक्स' ह्या जहाजावर ५८ पेट्या चढविल्या. माल मोकळा न चढविता पेटीतच ठेवला. पेटी मालमोटारीवरून जहाजावर, जहाजावरून पुन्हा मालमोटारीवर गेली. पुढे पेट्यांची मापे जगभर ठरून गेली. रुळांची रुंदी काहीही असो, पेटी एका वाघिणीवरून उचलून दुसरीवर ठेवता येते. श्रेयांक ही अशीच पेटी होय. आत काय शिकविले ते प्रत्येक विद्यापीठाने उघडून तपासावयाचे नाही; बाहेरील चिठ्ठीवर विश्वास ठेवावयाचा. इरॅस्मस योजनेत विद्यार्थी निघण्यापूर्वी कोणते विषय शिकणार आणि त्यांच्या बदल्यात मायदेशी कोणते विषय धरले जाणार ह्याचा एक लेख केला जातो आणि त्यावर विद्यार्थी, पाठविणारे विद्यापीठ व स्वीकारणारे विद्यापीठ अशा तिघांच्या सह्या असतात. जहाजावर माल चढविताना भरतीपत्र करतात, त्यातलाच हा प्रकार.

आपल्याकडे सामंजस्य करारांची कमतरता नाही. कुलगुरूंची शिष्टमंडळे येतात, दोन झेंडे मेजावर ठेवून छायाचित्र घेतले जाते, आणि कागद फायलीत जातो. त्या कागदात 'परस्पर हिताच्या क्षेत्रांत सहकार्य' असा उल्लेख असतो. कोणत्या विषयाला कोणता विषय, शुल्क कोण माफ करणार, वसतिगृहात किती खोल्या राखून ठेवणार, ह्यांचा उल्लेख नसतो. शुल्काची बाब विशेष महत्त्वाची. खऱ्या विनिमयात विद्यार्थी आपले शुल्क आपल्याच विद्यापीठात भरतो आणि यजमान त्याच्याकडून काही घेत नाही. म्हणून दोन्हीकडील संख्या साधारण सारखी राहावी लागते. ती सारखी न राहिल्यास, ज्याच्याकडे पाहुणे अधिक तो काही वर्षांत हात आखडता घेतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२२ मध्ये परदेशी संस्थांबरोबरच्या जोड, संयुक्त व दुहेरी पदव्यांचे नियम केले. संयुक्त पदवीसाठी दोन्ही संस्थांतून प्रत्येकी किमान ३० टक्के श्रेयांक मिळविणे त्यांत आवश्यक आहे. नियम झाल्याने निदान रूळ कोठे टाकावेत ते ठरले. वाहतुकीपुरते पाहिल्यास वडोदऱ्याचे उदाहरण नजरेत भरते. तेथे २०१८ मध्ये रेल्वे व वाहतुकीच्या शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिचे गतिशक्ती विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ झाले. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाबरोबर तिने रेल्वे व्यवस्था अभियांत्रिकीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. वडोदऱ्याला रेल्वेचे वेड नवे नाही. गायकवाडांच्या राज्यात डभोईचा अरुंद लोहमार्ग १८६२ मध्ये सुरू झाला तेव्हा डबे ओढावयास बैल जुंपलेले होते.

सागरी वाहतुकीत ह्याहून निराळी वाट चोखाळली गेली आणि तिचे श्रेय एका भारतीयाकडे जाते. मुंबईतील शिपिंग कॉर्पोरेशनच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता, ते चंद्रिकाप्रसाद श्रीवास्तव १९७४ ते १९८९ ह्या काळात आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचे प्रमुख होते. विकसनशील देशांची जहाजे वाढत होती. परंतु बंदरे आणि जहाजांची सुरक्षितता सांभाळणारे उच्चशिक्षित अधिकारी त्यांच्याकडे पुरेसे नव्हते. दोन-दोन देशांचे करार करीत बसण्यापेक्षा सर्वांचे एकच विद्यापीठ असावे असा विचार पुढे आला, आणि १९८३ मध्ये स्वीडनमधील माल्मो येथे जागतिक सागरी विद्यापीठ स्थापन झाले. तेथे घानाचा अधिकारी फिलिपिन्सच्या अधिकाऱ्याशेजारी बसतो आणि दोघांनाही ते शहर सारखेच परके असते. यजमान आणि पाहुणा हा भेदच त्यामुळे पुसट होतो. मात्र असे विद्यापीठ देणग्यांवर आणि शिष्यवृत्त्यांवर अवलंबून राहते, आणि मोजक्यांनाच तेथे जागा मिळते; सामान्य अभियांत्रिकी महाविद्यालयातील विशीच्या मुलाला त्याचा उपयोग नाही.

इकडे ताझाराची प्रकृती पुढील दशकांत खालावत गेली. डबे आणि इंजिने जुनी झाली, मालाची ने-आण रोडावली. सप्टेंबर २०२४ मध्ये टांझानिया, झांबिया व चीन ह्यांनी मार्गाच्या पुनरुज्जीवनासाठी बेजिंग येथे पुन्हा एका कागदावर सह्या केल्या. त्याच वर्षी दार-एस-सलामहून डोडोमाकडे विजेवर चालणारी नवी गाडी धावू लागली. तिच्या रुळांची रुंदी १,४३५ मिलिमीटर आहे. म्हणजे मिरजेत एके काळी होते तसे आज त्या बंदरात तीन मापांचे रूळ आहेत, आणि तिन्ही चालविणारे अभियंते निरनिराळ्या देशांत शिकून येत आहेत.